तक्रारदाराचं नाव



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी मला सातवीत मराठी शिकवायचे. स्वर आणि व्यंजन यांतला फरक त्यांनी फळ्यावर लिहून दिला नाही, आमच्याच तोंडात दाखवून दिला. "आ म्हणा. जीभ कुठं अडली का? नाही ना? हा स्वर. आता त म्हणा. अडली? अडली की व्यंजन." चाळीस पोरं अर्धा तास आपापली जीभ शोधत बसली होती.

पुढं मी कान-नाक-घशाचा डॉक्टर झालो आणि याच गावात दवाखाना घातला. एक दिवस गुरुजी आले. बरोबर बाई, त्यांच्या पत्नी, होत्या. बाईंची तक्रार नेमकी होती: "हाक मारली की ओ देतात, पण सांगितलेलं कळत नाही." मी ओठांसमोर कागद धरला आणि एकेक शब्द म्हणत गेलो. सात. गुरुजी म्हणाले, आत. हात. आत. भात. आत. चौथ्या शब्दाला ते थांबले. ज्या माणसानं आयुष्यभर उच्चार तपासले, त्याला आपलं काय झालंय हे माझ्या यंत्राच्या आधी कळलं. म्हणाले, "म्हणजे स्वर शिल्लक आहेत. व्यंजनं गेली."

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याचा आलेख, काढला. वयोमानानं येणारा उतार त्यात होताच, पण 4000 हर्ट्झच्या आसपास एक खोल खड्डाही होता. हा खड्डा आमच्या धंद्यात ओळखीचा आहे. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलेल्या कानाची ती खूण. मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही कधी मागावर होता?" शिक्षक होण्याआधी सहा वर्षं ते रात्रपाळी करत होते. रात्री माग, सकाळी कॉलेज. नंतरचा सगळा संसार झाला तो खाली मागाची शेड असलेल्या घरात. आपल्या यंत्रमागांच्या गावात हे कुणाला समजावून सांगायला नको.

आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात केसाळ पेशी असतात, एका कानात सुमारे 15,000. आवाजाच्या लाटेनं त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. उंच सुरांच्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि अतिआवाजाचा मार आधी तिथंच बसतो. एकदा मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. स, त, फ, क या अक्षरांची ओळख पटते ती उंच सुरांवरून, म्हणून ती आधी जातात. आ, ओ, ई खालच्या सुरांचे, ते मागं राहतात. घरच्यांना वाटतं म्हातारा सोयीनं ऐकतो. तो सोयीनं ऐकत नसतो, त्याच्यापर्यंत शब्दाचा सांगाडाच पोचत नसतो.

आजचा विषय कळवताना मी कार्यवाहांना लिहिलं होतं: 'आरोग्य, ध्वनी, रस्ते आणि सरकारी नियम'. विषय मोठा आहे. मी बोलणार मात्र त्यातल्या एकाच प्रश्नावर. नियम आपल्याकडं भरपूर आहेत आणि त्यातले बरेच चांगले आहेत. पण नियम मोडला हे सांगायचं कुणी? आपल्या व्यवस्थेनं हे काम ज्याला त्रास होतो त्याच्याच गळ्यात घातलं आहे. माझं म्हणणं असं की ते तिथून काढून घेतल्याशिवाय कागदावरचा कोणताही आकडा आपल्या कानाचं रक्षण करणार नाही.

मागांपासूनच सुरुवात करतो. साध्या धोट्याचे वीस-चोवीस माग एका पत्र्याच्या शेडमध्ये चालू असले की आवाज 95 ते 100 डेसिबलच्या घरात सहज जातो. डेसिबलचा हिशेब आपल्या रोजच्या हिशेबासारखा नाही. 90 चे 100 झाले म्हणजे दहा वाढले असं वाटतं. प्रत्यक्षात कानावर आदळणारी ऊर्जा दहापट झालेली असते. कारखान्यांसाठीच्या नियमांतली मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल अशी आहे. 95 असेल तर चार तास. 100 असेल तर दोन तास. आता बारा तासांची पाळी डोळ्यांपुढं आणा. शेडमध्ये 100 चा आवाज असेल, तर सकाळी आठला पाळीवर चढलेल्या माणसाच्या कानाला दिवसभरासाठी मिळालेला सगळा वाटा दहा वाजता संपलेला असतो. उरलेले दहा तास तो शरीराच्या मुदलातून देतो.

हे सरकारला माहीत नाही असं नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाला जोडलेल्या रोगांच्या यादीत आवाजामुळं येणारं बहिरेपण होतं. असा रोगी डॉक्टरसमोर आला तर डॉक्टरनं मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवायचं, असा त्यात नियम होता. कायद्याचा हेतू उत्तम होता. आता माझ्या टेबलासमोर काय होतं ते ऐका. तपासणी झाली, कागद बाहेर आला, मी समजावून सांगितलं. समोरचा चाळिशीतला माणूस कागद घडी करून खिशात ठेवतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "डॉक्टरसाहेब, नाव कुठं घालू नका. दिवाणजीला कळलं तर उद्या माग दुसऱ्याला देतील." सुरुवातीची काही वर्षं मी त्यांचं ऐकलं. कागद माझ्या कपाटात राहिले. हे आज या व्यासपीठावरून सांगतो, कारण ते मला टोचतं. त्या माणसाची भाकरी वाचवली असं तेव्हा वाटायचं. त्याच शेडमधल्या बाकी अकरा जणांच्या कानांचं काय, हा विचार तेव्हा केला नाही.

पुढं कळवायला लागलो तेव्हा दुसरी गोष्ट समजली. वीज वापरून दहा कामगार असले तरच ती शेड 1948 च्या कायद्याच्या व्याख्येतला 'कारखाना' ठरायची. आपल्याकडं एका छताखाली तीन भावांच्या नावांवर तीन शेड असतात, मध्ये अर्धी भिंत. खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा, तर स्वतःच मालक, स्वतःच कामगार. त्याची बायको कांड्या भरते, मुलगा जॉबरचं काम शिकतो. तिथं कारखानाच नाही, मग रोग कुठला? नव्या कामगार संहितेत ही संख्या दहावरून वीसवर नेली आहे. लहान उद्योगाला तपासनिसाचा जाच नको, हे कारण मला कळतं आणि ते सगळंच खोटं नाही. पण कानाला मागांची संख्या कळत नाही. जी शेड जितकी लहान, तितका माणूस मागाच्या जवळ उभा असतो.

ही बाब आजची नाही. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या वैद्यानं 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात व्हेनिसमधले तांबं ठोकणारे कारागीर बहिरे होतात हे नोंदवलं आहे. आपल्याकडं पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान् पिढ्या हातोडा चालला. तिथल्या कानांची नोंद कुणी ठेवली असेल, तर माझ्या वाचनात ती आलेली नाही.

आता शेडच्या बाहेर या.

आपल्या कायद्यात आवाज हा हवेतला प्रदूषक आहे. 1981 च्या हवा कायद्यात 1987 साली दुरुस्ती झाली आणि धूर, धूळ यांच्या पंगतीला आवाजही बसला. मला ही कल्पना फार आवडते. आवाज हा हवेतूनच येतो, आणि श्वास थांबवता येत नाही तसा कानही मिटता येत नाही. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. पुढं 14 फेब्रुवारी 2000 रोजी केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम काढले. राहत्या वस्तीत दिवसा 55, रात्री 45. बाजारपेठेत 65 आणि 55. औद्योगिक भागात 75 आणि 70. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. तिथं 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक नाही. वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासुदीला राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं.

हे आकडे कुणी मनाला येतील तसे लिहिलेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये युरोपसाठी जे मार्गदर्शन केलं, त्यात रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज 45 डेसिबलच्या खाली राहावा असं म्हटलं आहे. आपला वस्तीतला रात्रीचा आकडा तोच आहे, आणि तो अठरा वर्षं आधीचा. रात्रीचा आवाज माणसाला जागं करतोच असं नाही. झोपलेल्या माणसाचीही नाडी वाढते, रक्तदाब चढतो. सकाळी त्याला फक्त अंग जड वाटतं. अशी वर्षं साचली की हृदयविकाराकडं वाट जाते.

पण याच नियमांतलं सातवं कलम पाहा. नागरिकानं तक्रार कधी करावी? आवाज ठरलेल्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलनं किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा. रात्रीचे निर्बंध मोडले तर या अटीशिवाय तक्रार करण्याची सोय 2010 साली झाली, ती चांगली झाली. दिवसाची अट कायम आहे. म्हणजे घरासमोर 64 डेसिबलचा भोंगा दिवसभर चालला, तर मर्यादा मोडलेली आहे, ऊर्जा जवळजवळ आठपट आहे, पण तक्रारीची पायरी अजून आलेली नाही. आणि 64 की 66 हे आजीबाईंनी ठरवायचं कसं? त्यांच्या हातात मीटर नाही. ज्यांच्या हातात आहे, ते तक्रार आल्याशिवाय तो पिशवीतून काढत नाहीत.

आता माझी स्वतःची एक रात्र सांगतो. दवाखान्याला लागून एक प्रसूतिगृह आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. समोरून वरात निघाली, पुढं डॉल्बी. मी वर राहतो. कपाटातल्या काचेच्या बाटल्या वाजायला लागल्या. मी मीटर घेऊन शेजारी गेलो. खिडक्या बंद असलेल्या खोलीत, पाळण्याच्या उशाशी आकडा होता 88. पाळण्यातलं बाळ दोन दिवसांचं. ते रडत नव्हतं. प्रत्येक ठोक्याला त्याचे दोन्ही हात उडत आणि बोटं पसरत. नवजात बाळ दचकलं की असंच करतं, ते आम्ही तपासणीत मुद्दाम पाहतो. या बाळाला मिनिटाला शंभर वेळा ते करावं लागत होतं. आईनं दोन्ही तळहातांनी त्याचे कान झाकले होते आणि तिचे स्वतःचे कान उघडे होते.

मी पोलिसांना फोन केला. समोरचा माणूस सौजन्यानं बोलला. म्हणाला, "डॉक्टर, नाव सांगा, पत्ता सांगा, उद्या येऊन लेखी द्या." मी नाव सांगितलं. वरात आपल्या वेळेनं पुढं गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच-सहा तरुण दवाखान्यात आले. धमकी नाही, शिवी नाही. त्यातला एक माझाच पेशंट, त्याच्या कानाचा पडदा मी जोडला होता. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही आपल्यातले. आम्हाला सांगायचं, पोलिसात कशाला?" माझं नाव त्यांच्यापर्यंत कसं गेलं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर डॉल्बी आली तेव्हा मी खिडकी लावून घेतली. फोन केला नाही. गावात राहायचं होतं.

मला खात्री आहे, या सभागृहात प्रत्येकाकडं अशी एक लावून घेतलेली खिडकी आहे.

देशातल्या या विषयाच्या सगळ्यात मोठ्या निकालामागचं प्रकरण आठवा. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. ती मदतीसाठी ओरडली, पण आसपास ध्वनिवर्धक इतके मोठ्यानं वाजत होते की कुणाला ऐकू गेलं नाही. त्यातून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि 18 जुलै 2005 रोजी निकाल आला. न्यायालयानं गोंगाटापासून मुक्त राहण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी, घटनेच्या 21 व्या अनुच्छेदाशी जोडला. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचं नाही, असा त्याचा आशय. ती हाक ऐकू गेली नाही म्हणून हा निकाल आला. आपण ज्याला 'थोडा आवाज झाला तर काय बिघडलं' म्हणतो, त्या आवाजाखाली काय काय बुडतं हे त्या प्रकरणानं एकदाचं दाखवलं.

महाराष्ट्रात हा लढा चिकाटीनं चालवणारी माणसं आहेत. मुंबईत सुमायरा अब्दुलाली आणि त्यांची आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षं मीटर घेऊन रस्त्यावर उभी राहिली. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2016 मध्ये निकाल दिला: पोलिसांना मीटर द्या, तक्रारीची सोय करा, तक्रारदाराची ओळख उघड करू नका. नागपूरच्या नीरी संस्थेकडून शहरांचे ध्वनी-नकाशे काढण्याचं कामही पुढं आलं. कोल्हापूर परिक्षेत्रात पोलिसांनी डॉल्बीमुक्तीची मोहीम मनावर घेतली, तेव्हा दोन-तीन वर्षं गणपतीत फरक पडला. तो मी माझ्या ओपीडीत पाहिला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी 'कानात शिट्टी वाजतेय' म्हणून येणारी पोरं कमी झाली. मग मोहीम थंडावली, पोरं परत आली.

आणि मग 10 ऑगस्ट 2017. केंद्रानं नियम बदलला: राज्य सरकारनं जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र नाही. त्या दिवसापर्यंत दवाखान्याची पाटी हीच पुरेशी होती. आता त्यासाठी वेगळी अधिसूचना हवी. गणपती तोंडावर होते. उच्च न्यायालयानं दुरुस्तीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयानं त्या स्थगितीला स्थगिती दिली. प्रसूतिगृह तिथंच होतं, पाळणा तिथंच होता, फक्त त्याच्याभोवतीचं 100 मीटरचं वर्तुळ पुसलं गेलं.

हीच चाल आपण महामार्गांवर पाहिली आहे. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असं सांगितलं. कारण उघड होतं: पिऊन गाडी हाकणारा माणूस आणि भरधाव रस्ता यांच्यात अंतर हवं. त्यावर अनेक राज्यांत काय झालं? दुकानं हलवण्याऐवजी रस्त्यांची नावं बदलण्याची धडपड झाली. शहरातून जाणारा महामार्ग कागदावर महामार्ग राहिला नाही, तो पालिकेचा रस्ता झाला. ट्रक तेच, वळण तेच, दुकान तेच. व्याख्या बदलली की उल्लंघन आपोआप नाहीसं होतं. जखम नाहीशी होत नाही. 2022 साली या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतल्या 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हेल्मेट आहे की नाही हे चौकातल्या शिपायाला नुसत्या डोळ्यांनी दिसतं, त्यासाठी कुणाच्या तक्रारीची वाट पाहावी लागत नाही. तरीही ही अवस्था. मग जो गुन्हा दिसतच नाही, हवेत विरून जातो, दुसऱ्या दिवशी ज्याचा पुरावा उरत नाही, त्याची काय गत असेल?

आपला बायपास झाला तेव्हा गावाला वाटलं, ट्रक गेले. ट्रक गेले ते वरच्या आळीच्या शाळेमागं. अनेक सुरांचा कर्कश भोंगा 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बसवताच येत नाही. तो त्या शाळेत तिसरीच्या वर्गात बसलं की दर दोन मिनिटांनी ऐकू येतो. बाई वाक्य मध्येच थांबवतात, भोंगा जाऊ देतात, पुढं बोलतात. मी तासभर बसलो होतो. मुलांना त्याचं काही वाटत नाही, त्यांना वाटतं शिकवणं असंच असतं, तुकड्या-तुकड्यानं. जे मूल आत्ता व्यंजनं शिकतंय, त्याच्या कानावर ती अर्धीच पडताहेत.

नियमांविषयी आपल्या मनात एक जुनी अढी आहे, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. फेब्रुवारी 1897 मध्ये प्लेगच्या साथीत इंग्रज सरकारनं साथरोगांचा कायदा केला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या समितीनं गोऱ्या सोजिरांकरवी घरं तपासली, माणसं उचलली, सामान बाहेर काढलं. 22 जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. आरोग्याचा नियम म्हणजे घरात घुसलेला बूट, हे चित्र तेव्हा मराठी मनावर उमटलं, आणि मला वाटतं ते अजून पुरतं पुसलेलं नाही. पण त्याच साथीतलं दुसरं चित्र आहे. सावित्रीबाई फुले डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांना आणत होत्या. मुंढव्याच्या एका पोराला घेऊन आल्या, त्यांनाच प्लेग झाला, आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. रोग एकच, संसर्ग रोखण्याची गरजही एकच. एकीकडं रोग्याला ओढून नेणारे हात होते, दुसरीकडं उचलून घेणारे. आपण स्वतः निवडून दिलेलं सरकार 45 डेसिबल म्हणतं तेव्हा ते रँडचं फर्मान नसतं. तो पाळण्यातल्या त्या बाळाच्या वतीनं आपणच केलेला करार असतो. फरक इतकाच की तो करार पाळून घेण्यासाठी कुणाला तरी स्वतःहून घराबाहेर पडावं लागतं.

काही गोष्टी अलीकडं बऱ्या दिशेनं गेल्या आहेत. ध्वनीचे नियम ज्याच्या आधारे निघाले, त्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जन विश्वास कायद्यानं ती काढली आणि 10,000 ते 15 लाख रुपयांपर्यंत दंड आणला. अनेकांना हे सैल करणं वाटलं. मला तसं वाटत नाही. कैदेची शिक्षा आमच्या गावात डॉल्बीपायी कुणाला झालेली मी पाहिली नाही. लगेच बसणारा दंड जास्त लागतो, तो बसवला तर. आणि जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं जे सांगितलं ते मी दोनदा वाचलं. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका, कारवाई करा. आधी समज, मग दंड, मग जप्ती. यंत्रातच आवाजाची मर्यादा बसवण्याचा विचार करा. ही शेवटची सूचना माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे. प्रेशर कुकरला शिट्टी कंपनी बसवून देते. वाफ फार झाली हे शेजाऱ्यानं येऊन सांगावं अशी रचना तिथं नसते. डॉल्बीच्या पेटीला ती मर्यादा कारखान्यातच बसली, तर रात्री दोन वाजता कुणा म्हाताऱ्यानं फोन उचलण्याची वेळ येणार नाही.

तोवर मोजणं हे सरकारी नोकरीतलं रोजचं काम झालं पाहिजे. सरकारी माणूस पाऊस मोजतो. पाऊस पडला अशी तक्रार कुणी केली का, हे तो विचारत नाही. प्रदूषण मंडळ गणेशोत्सवात ठरावीक जागी आवाज मोजतं. तेच वर्षभर, तालुक्याच्या गावात, शाळेमागच्या बायपासवर, मागांच्या गल्लीत झालं पाहिजे आणि आकडा पालिकेच्या फळ्यावर लागला पाहिजे. आकडा फळ्यावर लागला की तो कुणा एकाचा राहत नाही. आणि मागांच्या शेडसाठी कामगार मोजण्याऐवजी आवाज मोजा. 90 च्या वर गेला की ती शेड कायद्यात आली, मग तिथं तिघं असोत नाहीतर तीस. कानात घालायचे बोळे काही रुपयांना मिळतात. वापरणारा आधी कुरकुर करतो, दोन आठवड्यांत सरावतो. पण ते मालकानं द्यायचे आणि पाळीगणिक विचारायचे, तरच टिकतात.

गुरुजींना मी यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी ते दवाखान्यातून बाहेर पडले आणि पायरीवरच थांबले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "चप्पल वाजते माझी. किती वर्षांनी." मग चौकात गेले आणि दहा मिनिटांत परत आले, यंत्र हातात. बाजारातला भोंगा त्यांना सहन झाला नव्हता. यंत्र सगळंच मोठं करतं. पुढची सात वर्षं त्यांनी ते फक्त घरात, दार लावून, नातवंडांशी बोलताना वापरलं.

गेल्या महिन्यात मी आणखी एक मीटर विकत घेतला. तपासून, कॅलिब्रेट करून आणला आहे. आजपासून तो या वाचनालयात कपाटात राहील. कार्यवाहांशी बोलणं झालं आहे. सभासद असो वा नसो, कुणीही सही न करता एका दिवसासाठी न्यावा. सोबत दोनशे पानी वही आहे. तिच्यात मी चार रकाने आखले आहेत: तारीख, वेळ, जागा, आकडा. नावाचा रकाना नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्या पानांच्या प्रती पालिकेला, पोलिसांना आणि प्रदूषण मंडळाला मी स्वतः नेऊन देईन आणि पोच घेईन.

पहिली ओळ भरली आहे. काल रात्री पावणेअकरा, प्रसूतिगृहाच्या फाटकाशी, 71.